घरात करणारं माणूस

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडताना हातात एक कागद देतात. त्यावर गोळ्यांची नावं असतात, रक्तदाब रोज मोजा असं असतं, पंधरा दिवसांनी दाखवायला या असं असतं. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर आणखी एक सूचना मिळते : दर दोन तासांनी कूस बदला. चोवीस तासांत बारा वेळा. रात्री बाराला, दोनला, चारला. ती बदलली गेली नाही तर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि जखम एकदा खोल गेली की भरायला महिने जातात. ही बारा वेळांची कूस कोणी बदलायची हे त्या कागदावर नसतं. बदलणाऱ्याचे पैसे कोण देणार, हे तर सरकारच्या कुठल्याच कागदावर नसतं, आणि या लेखात मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

त्यासाठी मी शिरवळ निवडलं आहे. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो आणि लगेच शिरवळ लागतं. तालुका खंडाळा. नदीकाठी सुभानमंगळचे अवशेष आहेत, गावाजवळ जुनी बौद्ध लेणी आहेत आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने. गोदरेजचे फ्रीज इथे बनतात, खंडाळ्याच्या बाजूला एशियन पेंट्सचा मोठा कारखाना आहे, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय इथलंच. पाळी सुटली की कामगारांच्या बसेस रस्ता भरून टाकतात. पुणं पन्नासेक किलोमीटरवर. एवढ्या अंतरामुळे झटका आलेल्या माणसाला तासा-दीड तासात मोठ्या दवाखान्यात नेता येतं. पण तोच माणूस घरी आल्यावर सकाळी आठला येऊन रात्री आठला जाणारी रुग्णाजवळ माणसं पुरवणाऱ्या पुण्यातल्या ब्युरोची मावशी रोज पन्नास किलोमीटर येत नाही. ती येणार असेल तर राहायलाच येते, आणि मग दर वेगळा लागतो. औषधोपचार जवळ आणि सेवा लांब, अशी या गावाची स्थिती आहे. सातारा-सांगलीतल्या महामार्गाकाठच्या कितीतरी गावांचीही तीच.

सातारा जिल्ह्यात कोण कसा म्हातारा होतो, हे तो तरुणपणी कुठे कामाला गेला होता यावर ठरतं. या जिल्ह्यातून पिढ्यानपिढ्या माणसं फौजेत गेली. अपशिंगे गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलं. तेवढीच माणसं मुंबईला गेली, काही गिरण्यांत, काही गोदीत आणि बाजारात ओझी उचलायला. माथाडींचं संघटन उभं करणारे अण्णासाहेब पाटील याच जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातले किती तरी पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. ट्रंक घेऊन गावी परतले, मिळेल ते करत राहिले, आणि आज ते सत्तरीत-ऐंशीत आहेत.

फौजेतून आलेल्याला पेन्शन आहे. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०. २००३ पासून माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. आणि एक भत्ता आहे, जो या सगळ्या चर्चेत फार महत्त्वाचा आहे. सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय ज्याचं चालत नाही अशा निवृत्ताला, सोबत सतत माणूस लागतो म्हणून वेगळे पैसे मिळतात. जुलै २०१७ पासून हा भत्ता महिना ६,७५० रुपये झाला. म्हणजे अंथरुणावरच्या माणसाला औषधाखेरीज एक माणूसही लागतो आणि त्या माणसाला पैसे द्यावे लागतात, हे सरकारला ठाऊक आहे. ते नियमात लिहिलेलं आहे, त्याचा दरही ठरलेला आहे. फक्त तो नियम फार थोड्यांसाठी आहे.

गिरणीतून परतलेल्याला यातलं काही नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जे बसले त्यांना २०१४ पासून किमान १,००० रुपये महिना मिळतात. साखर कारखान्यातल्या आणि खासगी कंपनीतल्या अनेक निवृत्तांची पेन्शन एवढी किंवा याहून थोडीशीच जास्त आहे. ती ७,५०० करा म्हणून हे वृद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. आणि ज्याची गिरणी आधीच बंद पडली त्याला तेही नाही.

आता शिरवळच्या आसपासच्या वाडीवरचं एक घर कल्पून हिशेब मांडू. घर कल्पित आहे, आकडे बाजारातले आहेत. गावागणिक, ब्युरोगणिक ते थोडे पुढे-मागे होतात. वडील बहात्तर वर्षांचे, गिरणीतून परतलेले, उजवी बाजू गेलेली. आई चौसष्ट वर्षांची, गुडघे धरलेले. मुलगा एमआयडीसीत कंत्राटी, हातात १८,००० रुपये. सून पॅकिंगला जाते, तिला १२,०००. दोन मुलं शाळेत. घरात महिन्याला ३०,००० येतात आणि गावात या घराला कुणी गरीब म्हणणार नाही.

ब्युरोचा माणूस बारा तासांसाठी दिवसाला ७०० रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे महिन्याला २१,०००. चोवीस तास राहणारा असेल तर पंचवीस-तीस हजार, शिवाय त्याचं जेवणखाण. पुरुष रुग्णाला उचलायला पुरुषच हवा म्हटलं तर आणखी. डायपर दिवसाला तीन, एक चाळीस रुपयांना, महिन्याचे ३,६००. गोळ्या २,०००. फिजिओथेरपीवाला आठवड्यातून तीनदा घरी आला आणि त्यानं एका वेळचे ४०० घेतले तर ४,८००. लघवीची नळी बदलायला सिस्टर येते, तिचे पाचशे-सहाशे. बेरीज बत्तीस हजारांच्या आसपास जाते. पाठ वर-खाली होणारी लोखंडी कॉट, हवेची गादी, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर हा एकदाचा वीस-पंचवीस हजारांचा खर्च यात धरलेला नाही. घरातल्या सगळ्यांचं पोट, मुलांची फी आणि गाडीचा हप्ताही घरात येणाऱ्या तीस हजारांतच भागवायचा.

म्हणून ब्युरोला फोन होतो, दर ऐकला जातो आणि फोन ठेवला जातो. मग सून काम सोडते. बारा हजार कमावणारीनं काम सोडलं तर एकवीस हजार वाचतात, असा हिशेब घर करतं आणि त्या घराच्या जागेवरून तो बरोबरच असतो. पण तिचे बारा हजार गेले, फंड गेला, ईएसआयचा (कामगार विम्याचा) हप्ता बंद झाला, चार-पाच वर्षांनी पुन्हा कामावर जायचं म्हटलं तर वय झालेलं असतं. हा वृद्धसेवेचा खर्चच आहे. तो तिनं भरला. कुठल्या पावतीवर तो येत नाही, म्हणून कुणाच्या मोजणीतही येत नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातल्यांची काळजी घेणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायका त्यात दिवसाला १४० मिनिटं घालवतात आणि तेच काम करणारे पुरुष ७४, असं दिसलं. त्यात मुलांचं करणंही आलं. अंथरुणावरच्या माणसाजवळ असणाऱ्या बाईला १४० मिनिटं म्हणजे फक्त सकाळ.

यात एक अडचण आहे, जिच्याबद्दल घराबाहेर कुणी बोलत नाही. सासऱ्यांचं अंथरुणातलं सुनेनं करायचं, याचा संकोच दोघांनाही असतो, आणि तो सासऱ्यांना जास्त असतो. मग आई गुडघे धरून उठते. मुलगा पहिल्या पाळीला जायच्या आधी पहाटे चारला वडिलांचं सगळं उरकून जातो. दुपारी गरज पडली तर म्हातारा माणूस सांगत नाही, तसाच पडून राहतो. काही जण पाणी प्यायचंच कमी करतात. लघवीचा त्रास, बद्धकोष्ठ आणि पाठीची जखम पुष्कळदा अशा न सांगण्यातून सुरू होतात, आणि ती जखम पुन्हा दवाखान्यात घेऊन जाते. या भागातल्या वृद्धांच्या तोंडी एक मागणं नेहमी ऐकू येतं : चालता-बोलता उचल देवा, कुणाला माझं करायला लागू नये. मला ते ऐकवत नाही. मुलाच्या पगाराचा आणि सुनेच्या कामाचा हिशेब त्या माणसानं मनातल्या मनात केलेला असतो.

मदत काय मिळते? आजार मोठा असेल आणि दवाखान्यात भरती असेल तर बऱ्यापैकी मिळते, हे स्वच्छ सांगायला हवं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मुलाला ईएसआय लागू असेल तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्यातून उपचार मिळतात. या योजनांनी लोकांची शेतं वाचवली आहेत. पण दवाखान्यातून सुटी झाली की थोड्याच दिवसांत त्यांचा हात सुटतो. डायपर, फिजिओथेरपी, नळी, मावशी यांतलं काहीही महिनोन्‌महिने देणारी सोय त्यांत नाही. खासगी आरोग्य विम्याचीही बहुतेक तीच गत.

घरी आल्यावर उरतात त्या पेन्शन योजना. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. ती ६५ च्या आतल्या निराधारांसाठी. ६५ पूर्ण झालेल्यांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना त्यासोबत केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन. सगळं मिळून महिना १,५०० रुपये. २०२३ च्या जुलैपर्यंत हे १,००० होते. यात केंद्राचा वाटा २०० रुपयांचा आहे, ऐंशीच्या पुढे ५००. हे २०० रुपये २००६ मध्ये ठरले. तेव्हापासून देशात सगळ्याच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, हा आकडा तिथेच आहे. आजच्या भावानं त्यात पाच डायपर येतात.

रकमेपेक्षाही मला अडवणारी गोष्ट म्हणजे उत्पन्नाची अट. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५०, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही सगळ्या कुटुंबाचे. हा आकडा रोजगार हमीशी ताडून पाहू. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. तिथून निघालेलं काम पुढे देशाचा कायदा झालं. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. या दरानं घरातल्या एकानं ६८ दिवस माती उचलली की घराचं उत्पन्न २१,०००च्या वर जातं. सरकारनंच दिलेलं, सरकारनंच गरिबाचं म्हणून ठरवलेलं काम, तेही तेव्हाच्या हमीच्या शंभर दिवसांपेक्षा बत्तीस दिवस कमी.

ईएसआयच्या कायद्यातही २१,००० हाच आकडा आहे. तिथे तो महिन्याचा आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार कमी पगाराचा, त्याला विम्याचं संरक्षण हवं, असं तो कायदा २०१७ पासून म्हणतो. शिरवळच्या एमआयडीसीत अशा कामगारांची रांग लागेल. याच कामगाराच्या आई-वडिलांना वृद्धापकाळाची पेन्शन मिळवायची तर त्याच घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० दाखवावं लागतं.

आता त्या घरातल्या आईकडे पाहू. ती चौसष्ट वर्षांची आहे. लाडकी बहीण योजनेत तिला महिना १,५०० रुपये मिळतात. तिथली मर्यादा वर्षाला अडीच लाखांची आणि वय २१ ते ६५. पासष्टी ओलांडली की ते पैसे थांबतात. मग श्रावणबाळकडे जायचं. तिथेही रक्कम तीच, १,५००. पण मर्यादा अडीच लाखांवरून एकदम २१,००० वर येते. काल जी बाई पात्र होती तीच आज अपात्र, आणि या मधल्या रात्रीत तिच्या आयुष्यात घडलं काय तर ती आणखी म्हातारी झाली. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली, तिची मर्यादा २ लाख. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकाच बाईसाठी गरिबीच्या तीन व्याख्या. यातली सगळ्यात कडक व्याख्या सगळ्यात म्हाताऱ्या वयाला का लावलेली आहे, याचं उत्तर मंत्रालयानं द्यायला हवं. ही मर्यादा वाढवा ही मागणी करायला कुठल्या अभ्यास समितीची गरज नाही.

या अटीचा परिणाम गावात दिसतो. म्हातारा-म्हातारीचं रेशनकार्ड वेगळं काढलं जातं. चूल एक, कागद दोन. तलाठ्याला, सरपंचाला, तहसीलदाराच्या टेबलावर बसणाऱ्याला हे माहीत असतं, आणि पुष्कळदा माणुसकीनं ते कागद पुढे सरकतात. पण जिथे चालतं ते माणुसकीवर, तिथे ओळखीवरही चालतं. ज्याला कुणी ओळखत नाही तो बाहेर राहतो, आणि ज्यानं खरं उत्पन्न लिहिलं तोही.

वयोश्रीचे ३,००० रुपये एकदाच मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी ते आहेत. पैसे थेट खात्यात जमा होतात, हे चांगलं आहे. वॉकर आणि साधी कमोडची खुर्ची त्यात बसते, आणि ज्या घरात म्हातारीला रात्री ओल्या परसात जावं लागतं तिथे कमोडची खुर्ची खुब्याचं हाड वाचवते. म्हणून ते ३,००० कमी लेखू नयेत.

फारशी माहीत नसलेली एक वाट सांगतो. पक्षाघातानं अंग गेलेला माणूस वृद्ध असतो तसाच कायद्यानं दिव्यांगही असू शकतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत; हालचालीचं अपंगत्व त्यात आहे, कंपवातही आहे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयासारख्या जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम राज्यानं २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० केली. शिवाय ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कारखान्यांच्या गावात हे पाच टक्के इतर गावांपेक्षा मोठे असायला हवेत. त्यातून हवेच्या गाद्या घेता येतात, कॉट घेता येतात. ‘आमचे वडील काय अपंग आहेत का’ म्हणून घरं हा अर्ज करत नाहीत. करायला हवा.

आयकराची सवलत मी थोडक्यात सांगतो, कारण ती या घरापर्यंत पोचतच नाही. ज्येष्ठांच्या विम्यावर किंवा विमा नसेल तर औषधपाण्यावर ५०,००० पर्यंत वजावट, अवलंबून असलेल्या दिव्यांग पालकासाठी ७५,००० आणि तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,०००, पण हे सगळं जुन्या करपद्धतीतच. पुण्यात आयटीत असलेल्या मुलानं दोन्ही पद्धतींचा हिशेब करून पाहावा. कंत्राटी कामगाराला आयकरच लागत नाही, तर वजावट कशातून होणार?

मुलं लक्ष देत नसतील तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. शिरवळकरांना त्यासाठी खंबाटकीचा घाट ओलांडून वाईला जावं लागतं. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. २००७ मध्ये त्या रकमेला वजन होतं. आज ती ब्युरोच्या बिलाच्या निम्म्यालाही पुरत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रानं दुरुस्ती विधेयक आणलं होतं. त्यात ही मर्यादा काढायचं होतं, घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांचे किमान निकषही होते. ते मंजूर झालं नाही. या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. जबाबदारी कुणावर, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्यात नाही. तिच्यावर जबाबदारी टाका असं मी म्हणत नाही. कायद्याच्या यादीत नसलेली बाई प्रत्यक्षात सगळं करते, आणि म्हणून तिच्या हक्काबद्दलही कुठे काही लिहिलेलं नाही, एवढंच नोंदवतो.

महामार्गामुळे इथल्या जमिनीला भाव आला. त्यामुळे दुखणं काढायचं म्हटलं की गुंठे विकायचा विचार येतो, आणि विकायचे नसतील तर ‘करणाऱ्याच्या’ नावावर करायचा. इथे एक सावधगिरी पाळावी. मुलाच्या किंवा नातवाच्या नावे बक्षीसपत्र करताना ‘तो माझा सांभाळ करील’ ही अट दस्तातच लिहून घ्यावी. कायद्याच्या २३ व्या कलमानुसार अट मोडली तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. अट सिद्ध झाली नाही तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. २ जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात अट होती. तिथे न्यायालयानं आईला मिळकत परत दिली. वकिलाकडे जाताना प्रेमाला बाजूला ठेवायचं नाही, पण अट लिहायची.

आता ज्या मावशीला आपण महाग म्हणालो तिच्याकडे वळू. पुण्यातल्या ब्युरोंतून येणाऱ्या पुष्कळ जणी मराठवाडा-विदर्भातून आलेल्या असतात. कुणी एकटी, कुणी कर्जात बुडालेल्या घरातली. घर जे पैसे देतं त्यातला एक हिस्सा ब्युरो ठेवतो. सुटी घेतली तर त्या दिवसाचे पैसे जातात. चोवीस तासांची म्हणून राहणारी बाई रुग्णाच्या खोलीत जमिनीवर झोपते, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर झोपतच नाही. तिला उचलायचं कसं, नळीतून भरवायचं कसं, जखम कशी पुसायची याचं शिक्षण कुणी दिलेलं असेलच असं नाही. कंबर तिची जाते. तिची स्वतःची आई गावाकडे कुणापाशी असते, हे विचारलं तर पुष्कळदा उत्तर येतं : भावजय करते. घराला तिचा दर परवडत नाही आणि तिला तिचा पगार पुरत नाही. अशा ठिकाणी पैसे सरकारनंच घातले पाहिजेत, नाहीतर दोन गरीब घरं एकमेकांची कोंडी करत राहतात.

याच खंडाळा तालुक्यात, शिरवळहून जवळच, नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म तिथला. त्यांची शाळा सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं मरणही तितकंच लक्षात ठेवावं. १८९७ च्या प्लेगात मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याहून प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या तालुक्यानं ही बाई दिली त्यानं रुग्णाला उचलण्याच्या कामाला हलकं समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरीकडे काय करतात ते पाहा. केरळनं १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून पुढे २००८ मध्ये राज्याचं धोरण केलं. पंचायतीच्या खर्चानं नर्स अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जाते, जखम पाहते, नळी बदलते. शिवाय २०१० पासून ‘आश्वासकिरणम’ योजनेत अशा रुग्णाजवळ बसणाऱ्या घरच्या माणसाला महिना ६०० रुपये देतात. रक्कम लहान आहे आणि ती थकते अशा तक्रारीही आहेत. पण पैसे करणाऱ्याच्या नावानं निघतात. तामिळनाडूनं ऑगस्ट २०२१ पासून औषधं आणि फिजिओथेरपी लोकांच्या दारी नेली. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये दीर्घकाळच्या सेवेचा सक्तीचा विमा सुरू केला. जर्मनीत घरच्यांनी सांभाळ केला तर रुग्णाच्या गरजेनुसार महिना ३४७ ते ९९० युरो मिळतात आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनचा हप्ताही विम्यातून भरला जातो.

महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. इथली कुशल मुलं-मुली तिकडे पाठवायची, त्यांना जर्मन भाषा शिकवायची. त्यात नर्स आणि वृद्धांची काळजी घेणारेही आहेत. आपल्या मुलींना परदेशात चांगला पगार मिळावा, यात वावगं काही नाही. पण तिथल्या म्हाताऱ्यांसाठी माणसं तयार करायची यंत्रणा जर उभी राहू शकते, तर खंडाळा तालुक्यातल्या पन्नास बायकांना तीन महिने शिकवून, गावातच नेमून, प्राथमिक आरोग्य केंद्रातून पगार देणं अवघड का असावं? वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि अंथरुणावरच्या वृद्धाच्या घरी जाणं त्यात लिहिलेलं आहे. ते ज्यांच्या भरवशावर लिहिलं त्या आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, आणि बाळंतपण, लसीकरण, सर्वेक्षण यांतून त्या मोकळ्या होत नाहीत.

तोवर ज्यांच्या घरात आज रुग्ण आहे त्यांनी काय करावं? १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन आहे. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून हयातीचा दाखला अडत असेल तर पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन डिजिटल दाखला करतो; चेहऱ्यावरूनही तो होतो. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकाला बँकेनं घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलं आहे, मागितली पाहिजे. कर्करोगाचा रुग्ण असेल तर पुण्याच्या वारजे भागात, याच महामार्गावर, सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं.

आणि गावानं एक गोष्ट स्वतः करावी. अंथरुणावरचा माणूस कुठल्या घरात आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत असतं, पण ग्रामपंचायतीकडे त्यांची यादी नसते. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मदतीनं ती यादी आठवड्यात होईल. दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतून दहा हवेच्या गाद्या, पाच कॉट, काही वॉकर घेऊन ज्येष्ठ नागरिक संघाकडे ठेवावेत. गरज संपली की घरानं परत आणून द्यावेत. आज ज्या घरातून माणूस गेलं तिथे कॉट गोठ्यात गंजते आणि शेजारचं घर नवीन घेतं. सोबत एक ठराव करावा : श्रावणबाळची मर्यादा २१,००० वरून निदान लाडक्या बहिणीइतकी करा, आणि अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्याला, सून असो, बायको असो, मुलगा असो, त्याच्या स्वतःच्या खात्यात महिन्याचा भत्ता द्या. फौजी निवृत्ताला दिलेले ६,७५० हा दर सुरुवातीला धरावा. दरवर्षी २६ जानेवारीला ग्रामसभा असते. विषय घ्यायचा तर ग्रामसेवकाकडे अर्ज आधी द्यावा लागतो.